'ब्रेड': वेळ मागे फिरवणारा गेम आणि खेळणाऱ्यांची मतं

सुरुवातीलाच खुलासा केलेला बरा. हा लेख मेसमध्ये सकाळी मिळणाऱ्या ब्रेड-बटरवर नाही! इंग्रजीत 'ब्रेड' म्हणजे वेणी, आणि त्याच नावाचा एक कॉम्प्युटर गेम आहे. ऑगस्ट २००८ मध्ये तो एक्सबॉक्स ३६० वर आला, २००९ मध्ये पीसीवर आला आणि २०२४ मध्ये त्याची नव्याने रंगवलेली ॲनिव्हर्सरी आवृत्ती निघाली. म्हणजे गेम जुना आहे. तरीही त्याच्यावर वाद घालणारे अजून थकलेले नाहीत. मागच्या सुट्टीत आमच्या विंगमधल्या काही जणांनी तो खेळला आणि मेसच्या टेबलावर तोच वाद नव्याने सुरू झाला. तेव्हा वाटलं, एकाच गोष्टीबद्दल शहाण्या माणसांची इतकी वेगवेगळी मतं का होतात, याचा थोडा अभ्यास करावा. तोच इथे मांडतो आहे.

(एक सूचना: पुढे गेमचा शेवट सांगितला आहे. ज्यांना आधी खेळायचंय त्यांनी हे पान दुमडून ठेवा आणि नंतर वाचा.)

१) गेम आहे तरी काय?

जोनाथन ब्लो नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने हा गेम बनवला. चित्रं डेव्हिड हेलमन यांची. मागे मोठी कंपनी नव्हती. ब्लो यांनी स्वतःचे सुमारे दोन लाख डॉलर यात घातले आणि तीन वर्षांहून जास्त काळ काम केलं. गेम पूर्ण व्हायच्या आधीच, २००६ मध्ये, इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये त्याला डिझाइनमधल्या नावीन्याचं बक्षीस मिळालं होतं.

गोष्ट वरवर साधी आहे. सूट-टाय घातलेला टिम नावाचा एक छोटा माणूस हरवलेल्या राजकन्येला शोधतोय. उड्या मारायच्या, राक्षसांच्या डोक्यावर पाय द्यायचा, किल्ली घेऊन दार उघडायचं. १९८५ चा 'सुपर मारिओ' खेळलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की टिमला मरण नाही. खड्ड्यात पडला की एक बटण दाबायचं, वेळ उलटी फिरते आणि तो पुन्हा काठावर उभा! 'लाइफ' मोजायची भानगड नाही.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक जगात वेळेचा नियम बदलतो. तिसऱ्या जगात हिरव्या तेजाने चमकणाऱ्या वस्तूंवर रिवाइंडचा परिणाम होत नाही. चौथ्या जगात वेळ तुमच्या जागेवर ठरते: उजवीकडे चाललात की वेळ पुढे, डावीकडे चाललात की मागे, उभे राहिलात की सगळं जग थांबलेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर तिथे वेळ हे 'एक्स'चं फंक्शन आहे. पाचव्या जगात रिवाइंड केलं की तुमची सावली तुम्ही आधी केलेलं काम पुन्हा करते, म्हणजे दोन ठिकाणी एकाच वेळी काम होतं. सहाव्या जगात एक अंगठी जमिनीवर ठेवली की तिच्या आसपास वेळ मंदावते. आणि पहिलं जग? ते सगळ्यात शेवटी येतं! गेम सुरूच होतो दुसऱ्या जगापासून.

दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत पाच जगं, प्रत्येकात चित्राचे १२ तुकडे, असे एकूण ६० तुकडे जमवायचे. प्रत्येक जगाच्या आधी ढगांवर काही पुस्तकं उघडी ठेवलेली असतात. त्यात टिमच्या आठवणी, पश्चात्ताप, राजकन्येशी असलेलं नातं याबद्दल थोडा थोडा मजकूर असतो. तो वाचायची सक्ती नाही. बरेच जण वाचतच नाहीत, आणि मतभेदाची सुरुवात इथूनच होते.

२) रिवाइंड चालतो कसा?

कॉम्प्युटरच्या मंडळींसाठी हा भाग. वेळ उलटी फिरवायची तर प्रोग्रॅमची गणितं उलटी चालवली की झालं, असं पहिल्यांदा वाटतं. तसं होत नाही. पूर्णांकांच्या भागाकारात ७ भागिले २ म्हणजे ३ आणि ६ भागिले २ म्हणजेही ३. आता हातात फक्त ३ असेल तर मूळ आकडा ६ होता की ७, हे कसं सांगणार? माहिती वाटेतच हरवलेली असते. गेममध्येही दोन वेगळे भूतकाळ एकाच वर्तमानात येऊन मिळू शकतात. राक्षस मेला, नाहीसा झाला, तर तो कुठून चालत आला होता हे त्या रिकाम्या जागेवरून कळत नाही.

म्हणून ब्लो यांनी मागची अवस्था साठवून ठेवायचा मार्ग निवडला. २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्यांनी यावर एक व्याख्यानही दिलं. आता हिशोब करा. समजा एका फ्रेमची माहिती १ केबी आहे आणि सेकंदाला ६० फ्रेम्स आहेत. अर्ध्या तासाच्या १,०८,००० फ्रेम्स होतात, म्हणजे साधारण १०५ एमबी. एक्सबॉक्स ३६० ची एकूण मेमरी होती ५१२ एमबी, आणि त्यातच चित्रं, आवाज, सगळं बसवायचं. तेव्हा प्रत्येक वेळी सगळं न लिहिता जे बदललं तेवढंच लिहायचं, अशा युक्त्या कराव्या लागतात. आपण डेटा कॉम्प्रेशनचं युनिट परीक्षेपुरतं वाचतो. ते कशासाठी असतं हे इथे दिसतं.

३) खेळणारे काय म्हणाले?

पहिली तक्रार किमतीची. गेम १५ डॉलरला होता आणि त्या काळी तिथले बहुतेक छोटे गेम ५ ते १० डॉलरला मिळायचे. 'पाच-सहा तासांत संपणाऱ्या गेमला एवढे पैसे?' असं बऱ्याच जणांनी म्हटलं. समीक्षकांचं मत मात्र भलतंच चांगलं होतं. मेटाक्रिटिकवर एक्सबॉक्सच्या आवृत्तीला १०० पैकी ९३ गुण आहेत.

दुसरी तक्रार अवघडपणाची. गेम कुठेही हिंट देत नाही. लोकांनी उत्तरं मागितली तेव्हा ब्लो यांनी एक 'अधिकृत मार्गदर्शक' काढला. त्यात सुरुवातीला थोडं हाताला धरून नेतात आणि मग सांगतात की उत्तरं बघू नका, स्वतः सोडवा! काहींना हा चावटपणा वाटला, काहींना ते मनापासून पटलं.

तिसरं मत: 'गेम उत्तम, पण गोष्ट उगाच गूढ केली आहे. लेखक फार शहाणपणा दाखवतोय.' हे म्हणणारे आजही भरपूर आहेत.

चौथं मत सगळ्यात गाजलेलं. सोल्जा बॉय या अमेरिकन रॅपरने 'ब्रेड' खेळताना हसून हसून सांगितलं की या गेमला काही अर्थच नाही, नुसतं चालायचं, उड्या मारायच्या आणि वेळ मागे न्यायची! त्याला गेम आवडला होता, हे लक्षात घ्या. २०१२ च्या 'इंडी गेम: द मूव्ही' या माहितीपटात हा प्रसंग आहे. त्यात ब्लो यांची खंतही दिसते: स्तुती करणाऱ्यांनीसुद्धा वरवरचंच पाहिलं, आत काय आहे ते पोचलंच नाही.

४) तो शेवट

आता शेवटाकडे येऊ. पहिल्या जगात वेळ मुळातच उलटी वाहते. एक सरदार राजकन्येला पळवताना दिसतो, ती त्याच्या हातून सुटते आणि पळू लागते. ती वर धावते, टिम खाली धावतो, मागून आगीची भिंत येते. राजकन्या कळ दाबून टिमला वाट करून देते. शेवटी दोघं तिच्या घरापाशी पोचतात आणि मग रिवाइंड करावंच लागतं. उलट्याचं उलट म्हणजे सुलट! आता खरी घटना दिसते. राजकन्या टिमपासून जीव घेऊन पळतेय, कळ दाबून त्याची वाट अडवतेय, आणि तो सरदार तिची सुटका करतोय. इतका वेळ आपण ज्याला नायक समजत होतो तोच तिच्यासाठी राक्षस आहे. फ्रेम्स त्याच, क्रम बदलला आणि अर्थ उलटा झाला.

यानंतर उपसंहारात आणखी मजकूर आहे. त्यात पडणारं सफरचंद, दोऱ्याला टांगलेले धातूचे गोळे असे प्रयोगांचे उल्लेख आहेत. आणि १६ जुलै १९४५ च्या ट्रिनिटी अणुचाचणीनंतर भौतिकशास्त्रज्ञ केनेथ बेनब्रिज यांनी काढलेले म्हणून प्रसिद्ध असलेले उद्गारही आहेत. गेममध्ये आठ तारेही लपवलेले आहेत. त्यातल्या एकासाठी संथ सरकणाऱ्या ढगावर जवळपास दोन तास थांबावं लागतं! ते सगळे जमवले तर टिम राजकन्येपर्यंत खरंच पोचतो. आणि स्पर्श होताच स्फोट होतो.

म्हणून बरेच जण म्हणतात की राजकन्या म्हणजे अणुबॉम्ब. दुसरे म्हणतात, ही तुटलेल्या नात्याची गोष्ट आहे. बॉम्ब ही फक्त उपमा. ब्लो यांनी 'याचा अर्थ अमुक' असं एका वाक्यात सांगायला कायम नकार दिला आहे.

५) मग खरं कोण?

मला वाटतं, मत तपासायची रीत आपल्याला लॅबमध्ये शिकवलेलीच आहे. कुठलंही स्पष्टीकरण घ्या आणि विचारा: यातून किती निरीक्षणं समजतात आणि किती उरतात?

'निव्वळ टाइमपास' म्हटलं तर कोडी समजतात. पुस्तकं, शेवट, तारे सगळं उरतं. 'फक्त अणुबॉम्ब' म्हटलं तर उपसंहार आणि स्फोट बसतात, पण दुसऱ्या जगाच्या पुस्तकांतला पश्चात्ताप आणि माफीची इच्छा नीट बसत नाही. 'फक्त प्रेमभंग' म्हटलं तर ते बसतं, पण ट्रिनिटीचा उल्लेख उघडा पडतो. हवी ती वस्तू मिळवायचा ध्यास आणि त्यापायी होणारं नुकसान न दिसणं, हा धागा धरला तर नातं आणि प्रयोगशाळा दोन्ही त्यात येतात. गेमचं नाव वेणी का, तेही कळतं. हे अंतिम उत्तर आहे असा माझा दावा नाही. कमी निरीक्षणं उरतात, एवढंच.

आणि हा प्रश्न आपल्या अगदी जवळचा आहे. आपण उद्या काहीतरी बनवणार. 'चालतंय का?' हे आपण विचारतोच. 'ज्याच्यासाठी बनवतोय त्याच्या बाजूने हे कसं दिसतं?' हा प्रश्न आपल्या व्हायवामध्ये कुणी विचारत नाही.

६) आमच्या टेबलावरची मतं

एक जण उत्तरं शोधून दीड तासात गेम संपवून आला आणि म्हणाला, 'काही खास नाही राव.' त्याच्या मताला चूक म्हणता येत नाही, कारण त्याला मिळालेला गेम खरंच तेवढाच होता. गेम एकदा पूर्ण केला की तोच गेम ४५ मिनिटांत संपवायचं आव्हान मिळतं. म्हणजे हातांचं काम पाऊण तासाचंच आहे. बाकीचे चार-पाच तास डोकं खाजवण्याचे, आणि गेम असतो तो त्या तासांत. आमच्या डिपार्टमेंटचे एक सर हे ऐकून म्हणाले, 'जर्नलचंही तसंच आहे. लिहायला एक रात्र पुरते. बाकीचं सेमिस्टर कशाला असतं, ते लक्षात घ्या.' टेबलावर एकदम शांतता!

मेकॅनिकलचा एक मित्र वेगळंच बोलला. त्याला मागच्या वर्षी वायडी लागला आहे. एम-थ्रीचा पेपर राहिला, बरोबरचे पुढे गेले, घरी बाबांनी आठवडाभर बोलणं टाकलं होतं. तो म्हणाला, 'हा गेम मला आवडला नाही. चुकलं की बटण दाबा, सगळं पुसलं. आपल्याला कुठे आहे असलं बटण?'

यावर कुणाला काही सुचेना. मग त्याचाच रूम पार्टनर म्हणाला, 'अरे, तिसऱ्या जगातली हिरवी किल्ली आठव. खड्डा इतका खोल की उडी मारून वर येता येत नाही. किल्ली घ्यायला खाली जावंच लागतं. मग रिवाइंड केलं की टिम पुन्हा वर, आणि किल्ली त्याच्याच हातात! तूही त्याच वर्गात परत बसलास, पण लाप्लास ट्रान्सफॉर्म आता अख्ख्या विंगला कोण शिकवतं?'

तो हसला. पटलं की नाही, ते बोलला नाही. पण त्या रात्री अकराला त्याच्या रूमवर नेहमीप्रमाणे चार जण वह्या घेऊन हजर होते, त्यांतला एक मीही.

७) खेळणाऱ्यांना चार सूचना

एक, उत्तरं शोधू नका. कोडं अडलं तर ते तसंच सोडून पुढे जा. गेम त्याला परवानगी देतो. दोन, ढगांवरची पुस्तकं वाचा. इंग्रजी थोडं जड आहे, पण मजकूर फार नाही. तीन, संपल्यावर लगेच कुणाचं मत ऐकू नका. आधी स्वतःचं चार ओळींत लिहून ठेवा. चार, मग मेसमध्ये या आणि मनसोक्त भांडा. फक्त पीएलमध्ये सुरू करू नका म्हणजे झालं!