बंदी नाही, यादी बदलली

प्रश्न : मुलगी इयर नाइनमध्ये आहे. तिच्या चुलतभावाने जीसीएसई परीक्षेसाठी ‘ऑफ माइस अँड मेन’ अभ्यासले होते. आता परदेशी पुस्तकांवर बंदी आहे म्हणे! मग तिने भारतीय लेखक वाचणे वायाच का?
– एक आई, मेडनहेड

उत्तर : ताई, बंदी कधीच नव्हती. इंग्लंडमध्ये २०१५पासून लागू झालेल्या जीसीएसईच्या इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमात शेक्सपियरचे नाटक, एकोणिसाव्या शतकातली कादंबरी, कविता आणि १९१४पासूनचे ब्रिटिश बेटांतले नाटक किंवा कथा-कादंबरी असे भाग आहेत. या शेवटच्या अटीमुळे ‘ऑफ माइस अँड मेन’चे लेखक स्टाइनबेक आणि हार्पर ली हे अमेरिकी लेखक यादीतून गेले. ही अट मला आजही संकुचित वाटते. पण ‘ब्रिटिश’ म्हणजे आपल्याला परके, असे समजू नका. पंजाबी कुटुंबातल्या मुलीची गोष्ट सांगणारी मीरा स्याल यांची ‘अनिता अँड मी’ अभ्यासक्रमात आली आहे. एक्यूए मंडळाच्या कवितासंग्रहात लाहोरला जन्मलेल्या इम्तियाझ धारकर आहेत, गयानाचे जॉन अगार्डही.

जीसीएसईआधी, म्हणजे इयर नाइनपर्यंत, शाळा अमेरिकी कादंबरीही शिकवू शकते आणि ए-लेव्हलला ते साहित्य पुन्हा भेटते. घरी आर. के. नारायण, अरुण कोलटकरांच्या इंग्रजी कविता जरूर वाचू द्या. परीक्षेत न पाहिलेल्या कवितेवर प्रश्न असतो, तिथे हे वाचन कामी येते. मात्र नेमलेल्या पुस्तकांची जागा ते घेणार नाही. परीक्षेत पुस्तक जवळ नसते, अवतरणे पाठच हवीत. पुस्तके शाळा निवडते, म्हणून विकत घेण्याआधी मंडळ आणि पुस्तकांची नावे शिक्षकांना विचारून घ्या.