छोटा संगणक आणि जाणारी लाइट

रास्पबेरी पाय घ्यावा का, असं ओळखीतले बरेच जण हल्ली विचारतात. मी आधी विचारते, तुमच्याकडे लाइट किती वेळा जाते, आणि परत येते ती कशी येते? पत्त्यांच्या कॅटएवढा हा संगणक स्वतः सहसा बिघडत नाही. दगा देतात त्या त्याच्या दोन्ही बाजूंच्या गोष्टी, म्हणजे त्याला वीज पुरवणारा अडॅप्टर आणि त्यातला मजकूर साठवणारं कार्ड. श्रीवर्धनजवळच्या आमच्या घरात दोन्ही अनुभव घेऊन झाले आहेत.

हे यंत्र मुळात मुलांसाठी बनलं. शाळकरी मुलांना खऱ्या संगणकावर प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून ब्रिटनमधल्या रास्पबेरी पाय फाउंडेशनने २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ते ३५ डॉलरला विक्रीला आणलं. आमच्याकडे आहे तो २०१९ साली आलेला चौथा अवतार. त्यावर डेबियन लिनक्सवर आधारलेली रास्पबेरी पाय ओएस चालते. साधारण पाच वॅट धरले, तर वर्षभर अखंड चालू ठेवून ४४ युनिटच्या आसपास वीज लागते. ऐंशी वॅट खाणारा जुना डेस्कटॉप तसाच चालू ठेवला तर सातशे युनिट होतात. घरात रात्रंदिवस चालणारं यंत्र हवं असेल तर हा फरक बिलात दिसतो, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीवर त्याहून जास्त जाणवतो.

आम्हाला ते हवं होतं सासूबाईंच्या ओव्यांसाठी. त्या आणि त्यांच्या वयाच्या आळीतल्या बायका जात्यावर म्हणायच्या त्या ओव्या मी फोनवर ध्वनिमुद्रित करत आले. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या ओव्यांचा केवढा तरी मोठा संग्रह उभा केला. पण आमच्या आळीतल्या बायकांचे आवाज आमच्याखेरीज कोण ठेवणार? फोन बदलतात, फोनची जागा भरते, म्हणून हे सगळं घरातल्या एका जागी राहावं आणि टीव्हीवर, मुंबईहून आलेल्या पुतण्यांच्या फोनवर ऐकता यावं, एवढीच अपेक्षा होती. ती या छोट्या संगणकाने पुरी केली. आज सिंकथिंग फोनमधली ध्वनिमुद्रणं आपोआप त्याच्यात आणून ठेवतं आणि जेलिफिन ती टीव्हीवर वाजवतं. दोन्ही मुक्तस्रोत आहेत.

आता अडॅप्टरचं. चौथ्या पायला ५.१ व्होल्टवर ३ अँपिअर, म्हणजे साधारण १५ वॅट लागतात. घरात फोनचा ३३ वॅटचा चार्जर पडलेला असतो, आणि ३३ हा आकडा १५ पेक्षा मोठा आहे म्हणून तो चालेल असं कुणालाही वाटतं. पण तो चार्जर ३३ वॅट देतो ते आपल्या फोनशी बोलणी करून, वरच्या व्होल्टेजवर. साध्या ५ व्होल्टवर तोच चार्जर कधी कधी दोनच अँपिअर देतो. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरात हे छापलेलं असतं, ते भिंग घेऊन वाचावं. त्यात केबल लांब आणि बारीक असली की वाटेतच व्होल्टेज पडतं. ते ४.६३ च्या खाली गेलं की संगणक स्वतःचा वेग कमी करतो आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दाखवतो. पण कपाटावर ठेवलेल्या संगणकाला स्क्रीन नसतेच, तेव्हा ते चिन्ह बघणार कोण? दिसतं ते एवढंच, की हार्ड डिस्क मधेच नाहीशी होते, वायफाय तुटतं, गाणं अडखळतं, आणि माणूस सॉफ्टवेअरला दोष देत बसतो.

म्हणून पहिल्या आठवड्यातच ‘गेट थ्रॉटल्ड’ ही आज्ञा चालवून पाहावी. उत्तरात शून्य आलं तर पुरवठा ठीक आहे. दुसरा कुठलाही आकडा आला तर बहुधा व्होल्टेज कमी पडतंय किंवा यंत्र तापतंय, आणि हे आत्ता घडतंय की सुरू केल्यापासून कधी तरी घडून गेलंय, हेही त्याच आकड्यात असतं. माझा आग्रह आहे की संगणक घेतानाच त्याचा अधिकृत अडॅप्टर घ्यावा. पैसे वाचवायचे तर बाहेरच्या डबीत वाचवावेत. पाचव्या पायला तर ५ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात; तीन अँपिअरवर तो चालतो, पण यूएसबीच्या जोडण्यांना मिळणारी वीज आखडती घेतो आणि डिस्क चालेनाशी होते.

लाइट जाणं हा त्याच्या पुढचा भाग. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर कित्येक दिवस वीज नव्हती. तशा वेळी संगणक बंदच असतो, त्याचं काही बिघडत नाही. खरा त्रास होतो तो रोजच्या येण्याजाण्याचा. पावसाळ्याच्या तोंडावर लाइट मिनिटभर येते, जाते, पुन्हा येते. त्या क्षणी कार्डावर काही लिहिणं चालू असेल तर ते अर्धवट राहतं. असे झटके खात खात आमचं सुरुवातीचं कार्ड एक दिवस सुरूच होईना. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे बहुतेक वेळा ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका असतो. नॉर्मलवर बदल व्हायला जरा जास्त वेळ लागतो. पंख्याला ते कळत नाही, संगणकाला कळतं. खटका यूपीएसवर ठेवावा. राउटरसाठी मिळणारे छोटे यूपीएस बहुधा १२ व्होल्टचे असतात, ते थेट याला लावू नयेत. पॉवर बँकही भरवशाची नाही. लाइट आली-गेली की त्यांच्यातल्या पुष्कळशा क्षणभर पुरवठा तोडतात, आणि आपल्याला टाळायचं असतं ते नेमकं तेच.

कार्डाची गोष्ट मात्र जास्त लागली. ओव्या ठेवायला एक वेगळं १२८ जीबीचं कार्ड घेतलं, नामांकित छापाचं, दुकानातून, पाकीटबंद. ते कार्ड रीडरमधून संगणकाला जोडलं. महिनोन् महिने काही तक्रार नव्हती. मग एकदा सासूबाईंनी एक ठराविक ओवी लावायला सांगितली. फाइलचं नाव दिसत होतं, आकार दिसत होता, आवाज नव्हता. तिच्यानंतरच्या सगळ्या फाइली तशाच निघाल्या. एफथ्री नावाचं एक छोटं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते कार्ड शेवटपर्यंत भरतं, मग लिहिलेलं परत वाचून बघतं आणि कार्डाची खरी जागा किती ते सांगतं. आमच्या कार्डाची खरी जागा लिहिल्यापेक्षा कितीतरी कमी होती. आतली चिप संगणकाला १२८ असं खोटं सांगत होती, आणि खरी जागा संपल्यावर आलेला मजकूर स्वीकारल्याचं नाटक करून टाकून देत होती. फोटोरेक हे पुसलेल्या फाइली परत मिळवणारं उत्तम मुक्त साधन आहे, पण जे कधी लिहिलंच गेलं नाही ते कुठलंही साधन परत आणू शकत नाही. फोनमधलं मूळ तोवर पुसून झालं होतं. काही बायकांनी पुन्हा बसून ओव्या म्हटल्या. काही आता नाहीत.

तेव्हापासून नवं कार्ड, पेन ड्राइव्ह, काहीही घरात आलं की आधी एफथ्रीने तपासते. मोठ्या कार्डाला काही तास लागतात. लागू द्यावेत. ही तपासणी कार्ड रिकामं असतानाच करायची, आणि तपासून होईपर्यंत दुकानाची पावती जपायची. आणि किमती गोष्ट कार्डावर ठेवायचीच नाही. चौथ्या पायला यूएसबीवर एसएसडी लावून थेट तिच्यावरूनच सुरू करता येतं. आता आमचं सगळं तिच्यावर आहे. एसएसडी जोडण्याच्या काही स्वस्त केबली याच्याशी नीट जुळत नाहीत, तेव्हा परत घेण्याची अट बोलूनच घ्यावी. चौथ्या पायच्या सगळ्या यूएसबी जागांना मिळून १.२ अँपिअर एवढाच वाटा असतो, हेही लक्षात ठेवावं. एक एसएसडी चालते. फिरणारी हार्ड डिस्क सोबत लावायची तर तिला स्वतःचा अडॅप्टर असलेला हब हवा.

डिस्क कितीही चांगली असली तरी ती एकच असेल तर मला झोप लागत नाही. सिंकथिंग म्हणजे बॅकअप नव्हे, हे अनेकांना सांगावं लागतं: फोनवर फाइल पुसली की ते इमानाने इकडेही पुसतं. त्यात जुन्या प्रती राखण्याची सोय आहे, ती चालू करावी लागते. याखेरीज आमच्याकडे दोन हार्ड डिस्का आहेत. एक कपाटात, तारा काढून. दुसरी नणंदेकडे ठाण्याला. गणपतीला ती येते तेव्हा तिची डिस्क आणते आणि आमची नेते. शिमग्याला पुन्हा अदलाबदल. कोकणात मुंबईकर वर्षातून दोनदा घरी येतातच, त्या येण्याजाण्यावर हे सहज बसतं, इंटरनेट लागत नाही. डिस्कांवरच्या प्रती रेस्टिक या सॉफ्टवेअरने कुलूपबंद केलेल्या आहेत, म्हणजे वाटेत हरवली तरी मजकूर दुसऱ्याच्या हाती लागत नाही. त्याचा पासवर्ड हरवला तर मात्र आपल्याही हाती लागत नाही. अदलाबदलीच्या दिवशी त्यातली एखादी ओवी परत काढून ऐकतो. ऐकल्याशिवाय प्रत आहे असं मी धरत नाही.

जागा निवडताना शोकेसचं बंद कपाट नको. ८० अंशांच्या पुढे गेला की हा संगणक स्वतःला मंद करतो, आणि मे महिन्यात बंद कपाटात तिथवर जायला वेळ लागत नाही. उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनिअमची डबी मला पंख्यापेक्षा बरी वाटते. खाऱ्या, दमट हवेत छोटे पंखे टिकत नाहीत. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की अडॅप्टरची पिन तर काढाच, राउटरकडून येणारी लॅन केबलही काढा. विजेचा लोळ तिच्यातूनही येतो.

चौथ्या पायमध्ये स्वतःचं घड्याळ नसतं. वेळ तो इंटरनेटवरून घेतो. लाइट परत आली पण इंटरनेट आलं नाही, तर तो मागच्याच तारखेत राहतो, आणि नव्या ध्वनिमुद्रणांच्या नोंदींवर चुकीच्या तारखा पडतात. डीएस ३२३१ नावाचं घड्याळाचं छोटं मॉड्यूल लावलं की प्रश्न मिटतो. पाचव्यात घड्याळ आहे, बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

घराबाहेरून बघता यावं म्हणून राउटरवरचा दरवाजा जगाला उघडून देणं मला मान्य नाही. पूर्वी या यंत्राचं वापरकर्ता नाव आणि पासवर्ड सगळीकडे एकच असायचा; २०१७ साली असेच पाय शोधून त्यांना आभासी चलन काढायला जुंपणारं एक घातक सॉफ्टवेअर फिरत होतं. एप्रिल २०२२ पासून ते ठरलेलं नाव काढून टाकलंय, पण कुणी जुनं तयार कार्ड दिलं तर त्यात ते असू शकतं. बाहेरून जायचंच असेल तर वायरगार्डवर चालणारी खाजगी वाट करावी, आणि सुरक्षेचे अपडेट आपोआप होऊ द्यावेत.

एवढी उस्तवार कशाला, एखाद्या कंपनीच्या क्लाउडवर टाकून मोकळं व्हावं, असं माझा भाऊ म्हणतो. त्याला मी जेलिफिनचं उदाहरण देते. एम्बी हे सॉफ्टवेअर २०१८ च्या शेवटी बंदिस्त झालं, तेव्हा त्याच्या आधीच्या खुल्या आवृत्तीवरून काही जणांनी जेलिफिन उभं केलं. सिंकथिंगचं मूळ अँड्रॉइड ॲप २०२४ च्या अखेरीस थांबलं, तेही दुसऱ्यांनी पुढे चालू ठेवलं. करणारे थकतात, सोडून देतात, पण केलेलं काम दुसऱ्याला उचलता येतं. आणि दोन्ही उद्या नाहीशी झाली, तरी आमच्या ओव्या फोल्डरमध्ये साध्या ध्वनिफायली म्हणूनच राहतात; कुठल्याही यंत्रावर वाजतात.

शेवटचं काम मला सगळ्यात उशिरा सुचलं, ते तुम्ही आधी करा. एका वहीत, मराठीत, सगळं लिहून ठेवा: कुठली तार कुठे, पासवर्ड कुठल्या पाकिटात, डिस्क कुणाकडे, बंद कसा करायचा. मी माहेरी गेले असताना लाइट गेली तर सासूबाई विचारणार कुणाला? “सूनबाई, मी पिन उपटू काय?” असं त्यांनी फोनवर विचारलं, त्यानंतर मी बटण बसवलं. चौथ्या पायला बटण नसतं. शेवटच्या दोन पिना, ३९ आणि ४०, यांना दोन वायरी लावून साधं पुश बटण जोडायचं आणि कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउनची एक ओळ २१ हा क्रमांक देऊन लिहायची. यासाठी पुष्कळ जण पाचवी पिन वापरतात. पण घड्याळाचं मॉड्यूल तीच वापरतं, म्हणून ते लावलं असेल तर शेवटची जोडीच घ्यावी. बटण दाबायचं, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत थांबायचं, मग भिंतीवरचा स्विच बंद करायचा. लाल दिवा तोवर पेटलेलाच राहतो, त्याची काळजी करायची नाही. लाइट नीट आली की स्विच परत चालू करायचा, बाकीचं तो स्वतः करतो.