सडाचे टोक बघा, कास सांभाळा



चिपळुणात पाऊस लागला की गोठा दिवसभर ओलाच. अशा दिवसांत कासदाह, म्हणजे आपली ‘दगडी’, वाढते. एक सड कायमचे गेले तर त्या बाजूचे दूधही गेले. म्हणून सूज यायची वाट न बघता सडाचे टोक बघायची सवय लावा.

*का बघायचे?*
सडाच्या टोकाला बारीक छिद्र आणि आत साधारण एक सेंटीमीटरची नळी असते. तिथला घट्ट स्नायू आणि आतला मेणासारखा थर जंतूंना अडवतो. टोक खरखरीत झाले, फाटले की भेगांत जंतू दडून बसतात. नुसत्या धुण्याने ते निघत नाहीत.

*कसे बघायचे?*
धार झाल्याबरोबर, औषध लावण्याआधी, उजेडात बघा. स्वच्छ बोटाने चाचपा.
✅ मऊ टोक किंवा छिद्राभोवती गुळगुळीत कडे: ठीक.
⚠️ खरखरीत कडे: धार काढायची पद्धत तपासा.
❌ कडे फाटून फुलासारखे उलटलेले: डॉक्टरांना दाखवा.

*टोक कशाने बिघडते?*
अंगठा दुमडून दाबल्याने, सड खाली ओढल्याने. मशीन असेल तर दूध संपल्यावरही ते चालू ठेवल्याने किंवा व्हॅक्यूम जास्त झाल्याने.

*रोज काय करायचे?*
1. सड धुऊन कोरडे पुसा. प्रत्येक गाईला वेगळे फडके.
2. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत घ्या, जमिनीवर नको. गुठळ्या किंवा पाणचट दूध दिसले तर ते वेगळे ठेवा.
3. पूर्ण मुठीने धार काढा.
4. धार झाल्यावर ग्लिसरीन असलेल्या आयोडीन द्रावणात सड बुडवा.
5. लगेच वैरण टाका. छिद्र मिटायला अर्धा-एक तास लागतो, तोवर गाय उभी राहू दे.
6. बसायच्या जागी कोरडे भाताचे तूस किंवा पेंढा घाला, ओला झाला की बदला.
7. दगडी झालेल्या गाईची धार सगळ्यांत शेवटी काढा.

*हे करू नका:* धार अडली म्हणून सडात काडी, सुई घालू नका. आतली नळी फाटते आणि जंतू थेट कासेत जातात. सुरू केलेले औषध मध्येच सोडू नका. डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या गाईचे दूध संकलनाला घालू नका.

कास गरम, कडक लागली किंवा गाय चारा खाईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. शासनाचा पशुवैद्यकीय टोल फ्री नंबर: *1962*

आज संध्याकाळच्या धारेलाच चारही सडांची टोके बघा.