चुलीतले रताळे

मंडळी, आज आपण एका साध्या तोंडीलावण्याचा धडा वाचू. त्याला पैसा थोडा लागतो, मसाला जवळजवळ लागत नाही. तो पदार्थ म्हणजे भाजलेले कंद. रताळे, गाजर, बीट, कोनफळ हे सारे जमिनीच्या पोटात वाढतात. त्यांना आपण कंद किंवा कंदमुळे म्हणतो.

आधी एक गोष्ट सांगतो.

चाळीस वर्षे होऊन गेली. मी नुकताच शाळेत शिक्षक म्हणून लागलो होतो. थंडीचे दिवस होते. मधल्या सुटीत मुले डबे उघडून बसली. एका मुलाच्या डब्यात भाकरी होती आणि चुलीत भाजलेले रताळे होते. सालीला राख लागलेली होती. शेजारचा मुलगा ओरडला, "याने राख आणली खायला!" सारी मुले हसली. आणि मंडळी, मीही हसलो.

दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा डबा आणीना. सुटीत हापशावर जाऊन पाणी पिऊन येई. आठ दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, "गुरुजी, भाजीला पैसा नसला की मी चुलीत रताळं घालते. पोरगं म्हणतं, रताळं देऊ नको, लोक हसतात. नुसती भाकरी न्यायची बी त्याला लाज वाटते."

मी मान खाली घातली. म्हणालो, "बाई, एक रताळं मला द्या." तिने चुलीतून काढून राख झटकून दिले. मी तिथेच बसून खाल्ले. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात मी भाजलेले रताळे नेले आणि मुलांसमोर सोलून खाल्ले. कोणी हसले नाही. दोन दिवसांनी त्या मुलाचा डबा पुन्हा आला.

आता विचार करा. आषाढी एकादशीला, महाशिवरात्रीला आपण हेच रताळे बाजारातून भाव देऊन आणतो. त्या दिवशी ते फराळाचे. मग एरवी ते गरिबाचे कसे झाले? रताळे तेच, चूल तीच. फरक आपल्या मनात आहे.

रंग काय सांगतो?

कंदाचा रंग नुसता शोभेचा नसतो. केशरी गाजरात आणि केशरी गराच्या रताळ्यात एक द्रव्य असते. आपले शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते. हे जीवनसत्त्व डोळ्यांना लागते. ते फार कमी पडले तर मुलाला अंधुक उजेडात दिसत नाही. दिवे लागणीला पोर उंबऱ्याला अडखळू लागते. त्याला रातांधळेपणा म्हणतात. असे दिसले तर घरगुती उपायांवर थांबू नका. मुलाला दवाखान्यात न्या.

पांढऱ्या गराच्या रताळ्यात हे द्रव्य फार थोडे असते. पण त्याने पोट भरते, अंगात ताकद येते. बीटाचा लाल आणि कोनफळाचा जांभळा रंग वेगळ्या द्रव्यांचा आहे. म्हणून एकच कंद रोज खाण्यापेक्षा आलटून पालटून खावेत.

आफ्रिकेत लहान मुलांच्या पोटात अ जीवनसत्त्व जावे म्हणून केशरी रताळ्याचा मोठा प्रसार झाला. त्या कामाबद्दल २०१६ साली जागतिक अन्न पुरस्कार देण्यात आला. आपल्या देशातही तिरुवनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेने 'भू सोना' हे केशरी गराचे आणि 'भू कृष्णा' हे जांभळ्या गराचे वाण काढले आहे. ज्याला जगाने मान दिला, ते आपण डब्यात लपवावे काय?

चुलीत कसे भाजावे?

१. मध्यम जाडीची रताळी घ्या. माती धुऊन काढा. साल काढू नका.

२. जाळ असताना भाजू नका. वरून करपते, आत कच्चे राहते. स्वयंपाक उरकला, जाळ विझला, की आर आणि गरम राख उरते. त्यात रताळी पुरा. वेगळे सरपण लागत नाही.

३. अर्ध्या वेळाने एकदा उलटा. सुमारे पाऊण तासात रताळे होते. काडी टोचून बघा. सहज आत गेली की झाले.

४. बीट अख्खेच पुरावे. त्याला एक तास तरी लागतो. गाजर बारीक असते, म्हणून ओल्या पानात गुंडाळून ठेवावे. ते लवकर होते.

५. राख झटका, साल काढा. करपलेला काळा भाग टाकून द्या. वर मीठ, तिखट आणि लिंबू. शेवटी चमचाभर तेल किंवा तूप घाला. केशरी रंगाचे द्रव्य तेला-तुपाच्या सोबतीनेच अंगी चांगले लागते.

चूल नसेल तर?

गॅसवर कढई ठेवा. गाजर, रताळे, कोनफळ यांच्या अंगठ्याच्या पेराएवढ्या फोडी करा. सगळ्या सारख्या करा, नाहीतर एक कच्ची आणि एक करपलेली होते. दोन चमचे तेल, जिरे, मीठ घाला. झाकण ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे भाजा. मधून मधून हलवा. शेवटी झाकण काढून फोडी खरपूस करा. बीट वेगळे भाजून शेवटी मिसळा, नाहीतर सगळ्या फोडी लाल होतात.

ध्यानात ठेवा

ज्या चुलीत प्लॅस्टिक किंवा रंगवलेले लाकूड जाळले, तिच्या राखेत खाण्याची वस्तू भाजू नका.

सुरण घशाला खवखवतो. तो आधी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात उकडा, मग भाजा.

रानातला अनोळखी कंद खाऊ नका. काही कंद विषारी असतात.

भाजलेले रताळे आत फार गरम असते. मुलाला फोडून, निववून द्या.

बीट खाल्ल्यावर कोणाकोणाला लघवी तांबूस होते. बीटामुळे झाली असेल तर एक-दोन दिवसांत थांबते. न थांबल्यास डॉक्टरांना दाखवा.

मधुमेह असेल त्याने रताळे बेताने खावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मंडळी, त्या डब्यातल्या रताळ्यात वाईट काही नव्हते. वाईट होते ते आमचे हसणे. तुमच्या घरातले पोर डब्यात काय नेते ते बघा. शेजारच्या पोराच्या डब्याला ते हसत असेल, तर त्याला जवळ बसवा आणि हा धडा वाचून दाखवा. आता तुम्हाला वाचता येते.

प्रश्न

१. मुलाने डबा आणणे का बंद केले?

२. रताळे जाळावर न भाजता आरात का भाजावे?

३. भाजलेल्या कंदावर तेल किंवा तूप का घालावे?

४. तुमच्या गावात कोणकोणते कंद मिळतात? त्यांची नावे आणि रंग वहीत लिहा.