साखरेपासून चिपपर्यंत : सॅमसंगची वाटचाल



मोबाईलवर, टीव्हीवर 'सॅमसंग' हे नाव आपण रोज वाचतो. पण या उद्योगसमूहाचा पहिला मोठा कारखाना कशाचा होता, ठाऊक आहे का? साखरेचा! म्हणून हा विषय यावेळी अभ्यासाला घेतला आहे.

कोरियावर जपानचे राज्य असताना, 1938 साली, ली ब्युंग-चुल यांनी देगू शहरात एक पेढी काढली. वाळवलेली मासळी, भाजीपाला, फळे बाहेर पाठवायची, असा साधा व्यापार. सॅमसंग म्हणजे 'तीन तारे'. पुढे देश दुभंगला, 1950 ते 1953 युद्ध झाले, सगळे धुळीला मिळाले. साखर परदेशातून यायची आणि ती सामान्यांना परवडत नसे. 1953 मध्ये ली यांनी बुसान बंदरात 'चेइल जेदांग' हा कारखाना सुरू केला. चेइल म्हणजे पहिला, जेदांग म्हणजे साखर तयार करणे.

आता फरक लक्षात घ्या. तिथे उसाचे फड नव्हते. कच्ची साखर जहाजातून यायची आणि कारखाना ती शुद्ध करायचा. पीठ, साखर आणि कापूस या तीन मालांवरच्या धंद्यांना त्या काळी तिकडे 'तीन पांढरे उद्योग' म्हणत. त्यांना अमेरिकी मदतीचा मोठा आधार होता.

साखरेत जम बसला, तसा समूह पुढे सरकला. 1954 मध्ये लोकरी कापडाची गिरणी, 1969 मध्ये इलेक्ट्रॉनिक्स, 1974 मध्ये सेमीकंडक्टर कंपनीची खरेदी. 1983 मध्ये मेमरी चिप बनवण्याचा निर्धार जाहीर झाला, तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला. त्याच वर्षाअखेर 64 के चिप तयार झाली. जहाजबांधणी, विमा, बांधकाम हेही धंदे जोडले गेले.

साखर कारखान्याचे काय झाले? तो 1990 च्या दशकात समूहापासून वेगळा होऊन थोरल्या मुलाच्या घराकडे गेला. आज तो 'सीजे' समूह म्हणून ओळखला जातो. खाद्यपदार्थ, मालवाहतूक, चित्रपट असे त्याचे व्यवसाय. यातली आपल्या कामाची गोष्ट म्हणजे लायसिन. कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात घालायचा हा घटक. साखर किंवा मळी सूक्ष्म जंतूंना खाऊ घालून तो तयार करतात. म्हणजे जी मळी आपण टाकीत साठवतो, तिच्यापासून मद्यार्काखेरीज असाही माल निघतो, बरं का!

पण नाण्याची दुसरी बाजूही पाहू. 1966 मध्ये या समूहाच्या खत कंपनीने बांधकाम साहित्याच्या आडून सॅकरिन चोरून आणल्याचे उघड झाले. अखेर ती कंपनी सरकारच्या हवाली करावी लागली. लायसिनचे भाव इतर कंपन्यांशी संगनमत करून ठरवल्याबद्दल 1996 मध्ये साखर कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून दंड भरला. संस्थापकाचे नातू ली जे-योंग यांना लाचखोरीच्या खटल्यात तुरुंगवास झाला; 2022 मध्ये त्यांना माफी मिळाली. कारभाराची दोरी एकाच घराच्या हाती राहिली की विचारणारा कोण?

मंडळी, यातून घ्यायचे काय? पहिली गोष्ट, साखरेतला पैसा साखरेतच अडकवून न ठेवता त्यांनी पुढचे कसब शिकण्यात घातला. दुसरी गोष्ट, तिथे निर्णय घराण्याचा होता. आपल्याकडे एका सभासदाला एक मत आहे. ते मत नुसते हात वर करण्यापुरते नको. येत्या सर्वसाधारण सभेला अहवाल वाचून या. मळी किती निघाली, काय भावाने गेली, तिच्यापासून आणखी काय करता येईल, हे उभे राहून विचारा. मालकाने हिशेब विचारायचा असतो, आणि इथे मालक आपणच आहोत.