नाटक मुलांचं, वर्गणी गावाची : नव्या नाटकासाठी पैसा कसा उभा करावा?



स्नेहसंमेलन जवळ आलं की शाळाशाळांतून एकच प्रश्न निघतो, "या वर्षी काय बसवायचं?" आणि उत्तरही बहुधा एकच असतं. चार गाण्यांवर नाच, एखादी जुनी एकांकिका, भाड्याचे कपडे. मुलांनी स्वतः रचलेलं, आपल्या गावाबद्दलचं नवं नाटक करू या असं कोणी सुचवलंच, तर लगेच दुसरा प्रश्न येतो : "पैसे कोण देणार?"

आज आपण याच दुसऱ्या प्रश्नाचा अभ्यास करू. उदाहरण पाचगणीचं घेऊ, पण हिशोब कुठल्याही गावाला लागू पडेल.

१. आधी थोडा इतिहास

मराठी नाटकाचा जन्मच आपल्या शेजारच्या सांगलीत झाला. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं. 5 नोव्हेंबर 1843 रोजी 'सीतास्वयंवर'चा प्रयोग झाला. म्हणून हा दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो.

पण पुढची गोष्ट मुलांना फारशी सांगितली जात नाही. 1851 मध्ये राजेसाहेब वारले आणि राजाश्रय आटला. सगळा खर्च एकाच्या ओंजळीतून येत होता, ती ओंजळ मिटली. मग भावे आपली मंडळी घेऊन गावोगाव फिरले आणि 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केला. राजाच्या जागी प्रेक्षक आला. एका मोठ्या देणगीदारापेक्षा शंभर छोटे प्रेक्षक जास्त टिकाऊ, हा धडा तेव्हाचा आहे.

दुसरं उदाहरण साताऱ्याचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था सुरू केली. गरीब मुलांची वसतिगृहं चालवायला 'मुष्टिफंड' उपयोगी पडला. घरातल्या बाईने रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढायची, ती साठवून वसतिगृहाला द्यायची. रक्कम म्हणाल तर किरकोळ. पण ज्या घरातून मूठ गेली, त्या घराला ती शाळा आपली वाटू लागली. पैशापेक्षा हे मोठं.

तिसरं उदाहरण थोडं दूरचं. 1947 साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहरात मोठा कला महोत्सव भरला. आमंत्रण नसलेल्या आठ नाटक मंडळ्या तिथे आपणहून पोचल्या आणि मिळेल त्या जागेत खेळ करू लागल्या. त्यातून 'फ्रिंज' म्हणजे काठावरची रंगभूमी हे नाव रूढ झालं. आपल्याकडे हेच काम प्रायोगिक रंगभूमीने केलं, आणि तिचं घर होतं चक्क एक शाळा! 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' संस्थेने प्रयोग सुरू केले. संस्थेच्या संस्थापकांपैकी सुलभा देशपांडे त्याच शाळेत शिक्षिका होत्या. तेव्हा "आमच्याकडे नाट्यगृह नाही" ही सबब आता चालायची नाही.

२. पैसे मागण्याआधी आकडा

"नाटकासाठी मदत करा" असं म्हटलं की लोक खिशाकडे बघतात. "पंचवीस हजार लागतात, त्यातले शंभर तुमचे" असं म्हटलं की कागदाकडे बघतात. म्हणून आधी अंदाजपत्रक. समजा वीस मुलांचं चाळीस मिनिटांचं नाटक आहे :

- ध्वनी आणि प्रकाशयोजनेचं भाडं : 8,000
- कपडे : 5,000
- नेपथ्य : 4,000
- सभागृह : 3,000
- तालमींचा खाऊ आणि येणं-जाणं : 3,000
- छपाई : 1,000
- अचानक येणारा खर्च : 1,000
- एकूण : 25,000 रुपये

आता जमा बाजू. शंभर घरांतून प्रत्येकी 100 म्हणजे 10,000. पंधरा दुकानदारांकडून 500 प्रमाणे 7,500. पन्नास रुपयांची दीडशे तिकिटं, आणखी 7,500. बेरीज जुळली.

पण इथे एक मेख आहे. तिकिटाचे पैसे प्रयोगाच्या दिवशी येतात आणि साऊंडवाला आगाऊ मागतो. म्हणजे आधी हातात फक्त 17,500. यावर उपाय दोन. निम्मी तरी तिकिटं महिनाभर आधी विकायची किंवा खर्च कमी करायचा. चादरी, बांबू, स्ट्रॉबेरीची रिकामी खोकी यांतून उत्तम नेपथ्य होतं. वस्तू आणि श्रम हीसुद्धा वर्गणीच. शिवणकाम करणाऱ्या आईने आठ झगे शिवून दिले, तर तिचं नाव देणगीदारांच्या यादीत पहिल्या ओळीत हवं.

हे सगळं सहावी-सातवीच्या मुलांकडूनच करून घ्या. नफा-तोट्याचं गणित पुस्तकात असतंच, इथे ते खरं होतं.

३. वेळ आणि विषय

पाचगणीत बरेच जण पर्यटकांवर आणि स्ट्रॉबेरीवर जगतात. ऐन हंगामात दुकानदाराला बोलायला सवड नसते आणि पावसाळ्यात त्याच्या गल्ल्यात पैसा नसतो. म्हणून हंगामाच्या धामधुमीत मोठी सभा बोलावू नका. सकाळी दुकान उघडताना दोन मुलं आणि एक शिक्षक जाऊन पाच मिनिटं बोलले तरी पुरे.

विषय गावचा असला की वर्गणी सोपी होते. टेबललँड, पर्यटक गेल्यावर मागे राहणारा कचरा, जवळच्या भिलारचं 2017 साली झालेलं पुस्तकांचं गाव... घाट उतरलं की पसरणी, शाहीर साबळ्यांचं जन्मगाव. त्यांनी मुक्तनाट्य गाजवलं. त्या मातीतल्या मुलांना विषय शोधायला लांब जावं लागू नये.

४. तीन नियम, यात तडजोड नको

पहिला : पैसा आणि भूमिका यांचा संबंध नाही. "मी पाच हजार देतो, माझ्या मुलाला राजा करा" हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच. नम्रपणे नाही म्हणायचं. आणि उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. ज्या घरातून दहा रुपयेही येणार नाहीत, त्या घरातली मुलगी मुख्य भूमिका करू शकली पाहिजे. कपड्यांचे पैसे नाहीत म्हणून "सर, मला नाटकात नको" असं मूल स्वतःहून सांगतं, आणि आपल्याला वाटतं त्याला आवड नाही. लोकवर्गणी खरं तर या मुलासाठी आहे.

दुसरा : देणगीदाराला आभार मिळतील, संहिता नाही. कचऱ्यावरच्या नाटकात कोणा व्यावसायिकाला एखादा संवाद टोचला, तर तो संवाद मुलांनी ठरवल्याशिवाय बदलायचा नाही. छोट्या रकमांचा फायदा इथे कळतो. पाचशे रुपये परत करता येतात, पंचवीस हजार नाही.

तिसरा : हिशोब भिंतीवर. प्रत्येक रकमेची पावती, दोन सह्या, आणि प्रयोगानंतर आठ दिवसांत जमाखर्चाचा तक्ता शाळेच्या फलकावर. शिल्लक उरली तर तिचं काय करायचं, हे शाळा व्यवस्थापन समितीत आधीच ठरवा. बाहेर वर्गणी मागण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयात परवानगीची चौकशी करा. जाहीर प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी वेळ हाताशी ठेवा.

५. वर्गात विचारण्यासाठी

1. राजाश्रय गेल्यावर विष्णुदास भाव्यांपुढे कोणते मार्ग होते? तुम्ही कोणता निवडला असता?
2. एक मूठ धान्य आणि शंभर रुपये, यांत जास्त मोठी देणगी कोणती? कारण सांगा.
3. आपल्या नाटकाचं अंदाजपत्रक निम्मं झालं, तर काय वगळाल? काय अजिबात वगळणार नाही?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं जपून ठेवा. मुलं सहसा पडदा आणि दिवे वगळतात, खाऊ वगळत नाहीत. तालीम संपल्यावर सगळ्यांनी मिळून वडापाव खाणं हा नाटकाचा भाग आहे, हे त्यांना आपल्याआधी कळलेलं असतं. तो खर्च अंदाजपत्रकात राहू द्या.