अक्षर आधी कानात, मग बोटांत

दीड वर्षाच्या बाळाला बूस्टर डोस द्यायला आलेली एक आई मोठ्या हौसेनं सांगत होती, "डॉक्टर, मोबाइलवर गाणं लागलं की हा ए टू झेड सगळं म्हणतो. आता अ-आ-इ-ई कधी सुरू करू?" मी विचारलं, "तहान लागली की काय म्हणतो?" ती क्षणभर थांबली. "म्हणत काही नाही. माझा हात धरून माठापर्यंत ओढत नेतो."

पालकहो, अक्षर म्हणजे आवाजाचं चित्र. आवाज कानात रुजला नसेल, तर चित्र नुसतंच पाठ होतं. म्हणून घरच्या अक्षरखेळाचा क्रम आधी कान, मग बोटं आणि सगळ्यात शेवटी पेन्सिल असा ठेवा.

पहिलं वर्ष : तोंडासमोर तोंड

आपल्या वर्णमालेतली व्यंजनं कंठातल्या 'क'पासून सुरू होतात. बाळाच्या बोलण्यात मात्र बहुधा ओठांवरचे 'ब', 'म', 'प' लवकर येतात, कारण मिटणारे-उघडणारे ओठ त्याला दिसतात. तेल लावताना, दुपटं बदलताना चेहरा जवळ न्या. ते "बाबाबा" म्हणालं की तुम्हीही "बाबाबा" म्हणा आणि थांबा. त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो, तेवढा द्या. बाळाचा पहिला भाषेचा तास हाच.

एक ते तीन वर्षं : टाळ्या आणि नावं

बडबडगीतं म्हणा, तीच ती पुन्हा म्हणा. मुलांना त्याचा कंटाळा येत नाही. चित्रांचं पुस्तक मांडीवर घेऊन बोट ठेवत नावं सांगा. भाजी निवडताना शब्दांचे तुकडे करून टाळ्या वाजवा : ब-टा-टा, तीन टाळ्या, भें-डी, दोन. शब्द सुट्या आवाजांचा बनलेला असतो, हे मुलाला टाळीतून उमगतं.

तीन वर्षांनंतर : परातीतला 'प'

पोळ्या करताना खेळ मांडा. "ओठ मिटून 'प' म्हणायचं. इथं 'प'चं काय काय आहे?" पोळी, पाणी, पळी, परात, पोळपाट! अख्खं स्वयंपाकघर हाताशी येतं. मग परातीत रवा पसरा आणि त्यात बोटानं 'प' काढून दाखवा. परात हलवली की अक्षर पुसलं जातं, त्यामुळे चुकण्याची भीती नाही. कणकेची वळी करून तिचं अक्षर बनवा, अंगणात पाण्यात बुडवलेल्या बोटानं गिरवा. सुरुवात मुलाच्या नावातल्या पहिल्या अक्षरापासून करा, त्याच्याशी त्याचं नातं आधीच जुळलेलं असतं. आठवड्याला एखादं अक्षर पुरे, तेही पाच-दहा मिनिटं. मुलानं तोंड फिरवलं की खेळ संपला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम पुढे कोसबाडला बहरलं. पानं, बिया, शंख-शिंपले अशा परिसरातल्या वस्तूंतून त्यांनी शिकण्याची साधनं उभी केली. महागड्या खेळण्यांवाचून काही अडत नाही, हे त्यांनी केव्हाच दाखवून दिलं आहे.

पेन्सिलीची घाई नको

मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती बहुधा कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि पुढं कित्येक वर्षं एकेक करून टणक होतात. तीन वर्षांच्या मुलाला पानभर अक्षरं गिरवायला बसवलं की हात दुखतो आणि अक्षराशीच वैर होतं. पाच-सहा वर्षांचं मूल 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत गोंधळलं किंवा एखादं अक्षर उलटं काढलं, तर रागावू नका. या वयात तसं होतंच.

दोन खबरदाऱ्या

दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको आणि दोन ते पाच वयात दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. व्हिडिओ बोलतो, पण बाळ काय म्हणालं ते ऐकत नाही.

दुसरी गोष्ट, शेंगदाणे, चणे, मणी यांची अक्षरं लहानग्यांपुढे मांडू नका, घशात अडकून श्वास कोंडतो. लोहचुंबकाची अक्षरंही नकोत. दोन चुंबक गिळले गेले, तर आतडी त्यांच्यात चिमटली जाऊन भोक पडू शकतं. अशी शंका आली तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

केव्हा दाखवावं?

वर्षाचं बाळ हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत "दूध दे" असे दोन शब्द आपणहून जोडत नसेल किंवा येणारे शब्द गेले असतील, तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका. आधी कानाची तपासणी आणि विकासाची चाचणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची मोफत तपासणी होते, तिथं विचारा. माठापर्यंत ओढत नेणाऱ्या त्या बाळासाठीही मी आधी हेच सांगितलं, आणि त्याच्या आईला घरचा अभ्यास दिला : पेला हातात घ्यायचा, त्याच्या डोळ्यांत बघून "पाणी" म्हणायचं, थोडं थांबायचं, मग पाणी द्यायचं. दिवसातून जितक्या वेळा तहान, तितक्या वेळा. 'प' आधी त्याच्या ओठांवर येऊ दे, परातीतल्या रव्यात तो नंतर काढू.